जोंगावर उचलतं छत बसवताना

जबलपुरातल्या वाहन निर्माणीत १९६९ पासून जोंगा ही लष्करी गाडी तयार होऊ लागली. तिच्या नावातलं पहिलं अक्षर जबलपूरचंच. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन. लष्कराच्या लिलावातून आलेल्या अशा दणकट गाडीवर उचलतं छत बसवायचं, तर आधी पाटे आणि ब्रेक तपासा. वरचं वजन त्यांच्यावरच येतं.

अशा छताचा खरा शत्रू पावसाळा. त्याची ओली कनात तशीच घडी करून ठेवली, की काही दिवसांत घडीच्या रेषेवर काळे ठिपके धरतात. पुढे कापड तिथेच विरतं. मुक्कामाहून घरी आल्यावर छत पुन्हा उघडा, कापड खडखडीत वाळू द्या, शिवणींना मेण चोळा.

आणि रचना बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्याच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२.