नेक्स्ट स्लाइड, प्लीज!

सिंधुदुर्गात कुडाळच्या अलीकडे-पलीकडे कुणालाही विचारा, पिंगुळीचा रस्ता दाखवतील. तिथले ठाकर कलावंत पिढ्यानपिढ्या चित्रकथी करत आले आहेत. कागदावर रंगवलेल्या चित्रांची एक चळत असते, तिला ‘पोथी’ म्हणतात. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा रंगत जाते आणि प्रसंग बदलला की पुढचं चित्र समोर येतं. चित्रात पात्रं असतात, रथ असतात, बाण असतात. बुलेट पॉइंट नसतात. गोष्ट सांगायची ती माणसाने, चित्राने फक्त दाखवायची, अशी स्पष्ट वाटणी. या कलेसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा प्रेझेंटेशन ही कॉर्पोरेटवाल्यांची देणगी आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला सरळ तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवून कुडाळला उतरवावं.

पडद्यावर उजेड पाडून गोष्ट सांगणंही आपल्याकडे काही काल आलेलं नाही. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ 1892 साली सुरू केले. खेळाचं नाव ‘शांबरिक खरोलिका’. ल्युमिए बंधूंचा पॅरिसमधला सुप्रसिद्ध सिनेमाचा खेळ झाला डिसेंबर 1895 मध्ये, म्हणजे कल्याणकर तीन वर्षं पुढेच!

आधी पारदर्शिका, मग पॉवरपॉइंट

20 एप्रिल 1987 ला पॉवरपॉइंट बाजारात आलं. मायक्रोसॉफ्टचं नव्हे, ‘फोरथॉट’ नावाच्या छोट्या कंपनीचं. रॉबर्ट गॅस्किन्सची कल्पना, डेनिस ऑस्टिनचं प्रोग्रॅमिंग. आधीचं नाव होतं ‘प्रेझेंटर’. ट्रेडमार्कची अडचण आली म्हणून बदललं. गंमत म्हणजे ते आधी फक्त अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशवर चालायचं आणि सगळं काळं-पांढरं. काम एवढंच, की ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शिकांसाठी नीटनेटकी पानं छापून द्यायची. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 1.4 कोटी डॉलर मोजून कंपनीच उचलली.

लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडून पॉवरपॉइंट दाखवण्याचा प्रयोग गॅस्किन्सने 1992 च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या एका हॉटेलात केला. जमलेले लोक मायक्रोसॉफ्टचेच होते, तरी थक्क झाले. ‘नो सिग्नल’ या निळ्या पाटीकडे बघत ताटकळणाऱ्या मानवजातीचा प्रवास तिथून सुरू झाला, असं म्हणायला हरकत नाही. ‘वायर हलवून बघा’ हा सल्ला मात्र नक्की कुणी पहिल्यांदा दिला, याची इतिहासात नोंद नाही.

पाय लटपटले? मंडळ मोठं आहे

मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात एक तरुण बॅरिस्टर पहिल्या खटल्यासाठी उभा राहिला. पक्षकार ममीबाई, फी 30 रुपये. समोरच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची होती. बॅरिस्टरला डोकं गरगरल्यासारखं झालं, एकही प्रश्न सुचेना. शेवटी ‘मला जमणार नाही, दुसरा वकील बघा’ असं सांगून, फी परत करून स्वारी कोर्टातून बाहेर पडली. बॅरिस्टरांचं नाव मोहनदास करमचंद गांधी. आत्मचरित्रात त्यांनी हे काहीही न लपवता लिहिलंय. बोलण्यातल्या या संकोचाचा पुढे फायदाच झाला, शब्द जपून वापरायची सवय लागली, असंही त्यांचं म्हणणं आहे.

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत 11 सप्टेंबर 1893 ला स्वामी विवेकानंद आपली पाळी पुढे पुढे ढकलत होते. बाकीचे वक्ते तयारीने आले होते, यांच्याकडे लिहिलेलं भाषण नव्हतं. छाती धडधडत होती आणि जीभ कोरडी पडली होती, हे त्यांनीच नंतर पत्रात कळवलं. दुपारी उठले, पहिल्या संबोधनालाच टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्याचे आजही शाळाशाळांत दाखले देतात ते भाषण पाचशे शब्दांचंसुद्धा नाही.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने वक्त्याच्या भीतीवर रामबाण उपाय काढला: कुलूप! 1825 पासून तिथे शुक्रवारी संध्याकाळी शास्त्रीय व्याख्यानं होतात. आख्यायिका अशी, की 1846 मध्ये चार्ल्स व्हीटस्टन हा बुजरा शास्त्रज्ञ ऐन वेळी पळाला आणि मायकेल फॅरेडेला उभ्या उभ्या व्याख्यान द्यावं लागलं. तेव्हापासून वक्त्याला आधी अर्धा तास खोलीत बंद करून ठेवायची प्रथा पडली. गोष्ट किती खरी किती रंगवलेली ते सोडा. प्रथा मजेची आहे आणि आपल्याकडे ती प्रमुख पाहुण्यांसाठी सुरू करावी, निदान पाहुणे वेळेवर तरी सापडतील.

फॅरेडेसुद्धा मुळात काही जन्मजात वक्ता नव्हता, त्याने ते कमावलं. बोलता बोलता त्याचा वेग वाढायचा. म्हणून तो समोर ‘सावकाश’ असं ठळक लिहिलेलं कार्ड ठेवायचा. तंद्रीत ते विसरला, की मदतनीस अँडरसनने ते उचलून पुन्हा नजरेसमोर ठेवायचं, असा हुकूम. तास संपत आला की ‘वेळ’ असं दुसरं कार्ड. विजेच्या मोटारीचं तत्त्व दाखवणाऱ्या माणसाला कार्डाची लाज वाटली नाही. आपल्याला मात्र हातात चिठ्ठी दिसली तर कमीपणा वाटतो.

‘मी दोनच शब्द बोलणार आहे’

या वाक्यानंतर पाऊण तासाची निश्चिंती असते, हे मराठी श्रोत्याला वेगळं सांगायला नको. पण जगभर हाच रोग आहे. 1863 मध्ये गेटिसबर्गला मुख्य वक्ते होते एडवर्ड एव्हरेट. ते दोन तास बोलले. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन उठले आणि साधारण 270 शब्दांत, दोनेक मिनिटांत खाली बसले. दुसऱ्याच दिवशी एव्हरेटनी लिंकनना पत्र लिहून मोकळेपणाने कबूल केलं, की तुम्ही दोन मिनिटांत ज्या मुद्द्याला हात घातलात त्याच्या जवळपास मी दोन तासांत पोचलो असेन तर मला आनंद आहे. हरलेल्या वक्त्याची एवढी दिलदारी क्वचितच दिसते.

उलट टोकाला आपले व्ही. के. कृष्ण मेनन. जानेवारी 1957 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर ते दोन दिवसांत मिळून जवळजवळ आठ तास बोलले आणि मग कोसळले. हा विक्रम मोडायच्या भानगडीत कुणी न पडलेलं बरं.

हल्ली घड्याळ लावूनच उभं करतात. टेडच्या मंचावर 18 मिनिटं. टोकियोत 2003 मध्ये सुरू झालेल्या पेचाकुचात 20 स्लाइड, प्रत्येकी 20 सेकंद, आणि स्लाइड आपोआप पुढे जातात. ‘एक मिनिट, मागे घ्या’ची सोयच नाही. सगळ्यात कडक ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड विद्यापीठ: 2008 पासून तिथे पीएचडीचा अख्खा प्रबंध तीन मिनिटांत आणि एका स्थिर स्लाइडवर सांगायची स्पर्धा होते. आपल्या गाइडना ही कल्पना कुणीतरी द्या.

एक स्लाइड, एक ग्लास

आता थोडं गंभीर. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया अंतराळयान परतताना फुटलं, कल्पना चावलासह सातजण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडून नासाला दाखवला. त्यातल्या एका स्लाइडची नंतर एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने चिरफाड केली. मथळा धीर देणारा. खाली मुद्दा, उपमुद्दा, उपमुद्द्याचा उपमुद्दा. आणि सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात खरी बातमी: चाचण्यांत वापरलेला तुकडा होता 3 घन इंचांचा, प्रत्यक्षात आदळलेला असावा सुमारे 1920 घन इंचांचा. म्हणजे 640 पट मोठा. ज्या चाचण्यांच्या भरवशावर वरचा मथळा बेतला होता, त्या या तुकड्याला लागूच पडत नव्हत्या. चौकशी मंडळाने हे विश्लेषण आपल्या अहवालात घेतलं आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या नासाच्या सवयीवर ताशेरे ओढले.

याच नासाच्या आधीच्या अपघाताची चौकशी आठवा. चॅलेंजर यान, 1986. थंडीत रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी कडक पडली का, हा प्रश्न. 11 फेब्रुवारीच्या सुनावणीच्या सकाळी चौकशी आयोगातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन टॅक्सी करून हार्डवेअरच्या दुकानात गेले, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि छोटे शिकंजे विकत घेतले. सगळ्यांसमोर करण्याआधी एका कार्यालयात प्रयोग गुपचूप करून पाहिला. असं आधी करणं म्हणजे लबाडीच, अशी गमतीची कबुली त्यांनी पुढे दिली. खरं तर तीच तयारी. सुनावणीत बर्फाचं पाणी मागवलं, ते येईना. आलं तेव्हा फाइनमन लगेच माइकचं बटण दाबायला निघाले. शेजारी बसलेल्या, आयोगातल्याच जनरल कुटिनांनी अडवलं: आत्ता नको, समोरचा अधिकारी अमुक स्लाइडवर येईल तेव्हा. ती स्लाइड आली. फाइनमननी शिकंज्यात आवळलेला रबराचा तुकडा ग्लासातून काढला, शिकंजा सोडवला. रबर काही क्षण चेपलेलंच राहिलं. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत पोचला तो ग्लास. त्या दिवशीच्या स्लाइड कुणाला आठवतात?

जेफ बेझोस यांनी तर 2004 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट हद्दपारच केलं. सहा पानी टिपण लिहून आणायचं आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचं. उपाय जरा जहाल वाटतो. पण बुलेट पॉइंटमध्ये विचारातली भोकं लपतात आणि सलग परिच्छेदात ती उघडी पडतात, हे खरं.

ट्रेनिंगवाले सांगतात त्या दोन थापा

पहिली: संवादात शब्दांचं महत्त्व फक्त 7 टक्के, बाकी आवाज आणि हावभाव. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आले. प्रयोग होते सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखण्याचे. सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत, हे खुद्द मेहराबियनच सांगत राहिले. शब्द खरंच 7 टक्के असते तर तमिळ भाषण आपल्याला 93 टक्के समजलं असतं.

दुसरी: लोक मरणापेक्षा भाषणाला जास्त घाबरतात. मूळ अमेरिकी पाहणी 1973 ची. त्यात कशाकशाची भीती वाटते त्यावर खूण करायची होती, क्रम लावायचा नव्हता. पुढे 2012 मध्ये दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना सर्वांत मोठी भीती एकच निवडायला लावली, तेव्हा मरणच वर आलं.

माशी शिंकते तेव्हा

20 एप्रिल 1998. पॉवरपॉइंटचा अकरावा वाढदिवस. शिकागोत बिल गेट्सच्या शेजारी उभ्या क्रिस कपोसेला या कर्मचाऱ्याने विंडोज 98 ला स्कॅनर जोडला आणि भल्यामोठ्या पडद्यावर संगणक कोलमडल्याचा निळा मृत्युलेख झळकला. सभागृह हसून लोटपोट. गेट्सनी हसत शेरा मारला, की म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलं नाही. कपोसेलाची नोकरी गेली नाही. पुढे तोच कंपनीचा मार्केटिंगप्रमुख झाला.

2007 मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सचा क्लिकर बंद पडला. मागे तंत्रज्ञांची धावपळ चालू असताना जॉब्सनी आपला जुना मित्र वॉझनिअक याने कॉलेजच्या दिवसांत खिशातल्या यंत्राने होस्टेलचा टीव्ही कसा बिघडवला, ही गोष्ट सुरू केली. क्लिकर दुरुस्त होईपर्यंत लोक खूश. एक गोष्ट नेहमी खिशात ठेवावी, ती अशी.

गोष्टीचं तंत्र शिकायला मात्र सिलिकॉन व्हॅलीला जायची गरज नाही, नारदीय कीर्तन ऐका. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, म्हणजे डोक्याला काम. मग नामाचा गजर. तेवढ्यात बुवांना बुक्का, हार, श्रोत्यांना पाय मोकळे करायला उसंत. उत्तररंगात आख्यान, म्हणजे आधी सांगितलेलं तत्त्व आता माणसांच्या गोष्टीतून. आधी सिद्धांत, मधे विश्रांती, मग दाखला. इतका घोटलेला आराखडा मला अजून कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात सापडलेला नाही. आणि पडद्याविना किती वेळ खिळवता येतं, याचा पुरावा हवा असेल तर लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’: एक माणूस, 52 पात्रं.

जाता जाता एक कामाचं बटण. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवर इंग्रजी ‘बी’ दाबलं की पडदा काळा होतो, ‘डब्ल्यू’ दाबलं की पांढरा. तेच बटण पुन्हा दाबलं की स्लाइड परत. सतरावी स्लाइड हवी असेल तर 17 टाइप करून एंटर मारा, सगळ्यांदेखत मागे-पुढे पळावं लागत नाही. पुढच्या वेळी कळीचा मुद्दा आला की ‘बी’ दाबून बघा. फक्त आदल्या दिवशी एकदा करून ठेवा, आणि तेव्हाच प्रोजेक्टरची वायरही लावून बघा.