कानाच्या मापाचे मॉनिटर: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

रंगमंचावर गाणाऱ्या कलाकाराच्या कानात एक छोटा पारदर्शक तुकडा बसवलेला असतो आणि त्याची बारीक वायर कानामागून पाठीकडे गेलेली असते. या साधनाला इन-इयर मॉनिटर म्हणतात. ज्याच्या कानासाठी ते असेल त्याच कानाचा साचा घेऊन बनवले, तर ते कस्टम मॉनिटर होते. शाळेच्या वाद्यवृंदात ड्रम्स किंवा कीबोर्ड वाजवणारे, गाणारे छात्र त्याबद्दल हमखास विचारतात. घरी विषय निघाला की पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: एवढा खर्च कशासाठी, आणि याने कान बिघडणार तर नाहीत ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मुळात गरज कशाची?

वाद्यवृंदात प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा लागतो. त्यासाठी पूर्वी कलाकारांच्या पायाशी, त्यांच्याकडे तोंड करून स्पीकर ठेवत. आजही ठेवतात. अडचण अशी की ड्रम्समुळे गायकाला काही ऐकू येत नाही, म्हणून तो आपला स्पीकर वाढवतो. मग गिटारवाला आपला वाढवतो. तासाभरात साऱ्या रंगमंचावर गोंगाट होतो. १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हॅलन या रॉक बँडच्या ड्रमवादकासाठी, ॲलेक्स व्हॅन हॅलनसाठी, कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले. त्यातूनच अल्टिमेट इयर्स ही कंपनी उभी राहिली. यातील छोटे स्पीकर, ज्यांना बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात, ते मूळचे श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले आहेत.

कल्पना साधी आहे. कान नीट बंद झाला की बाहेरचा आवाज साधारण २० ते २५ डेसिबलने कमी होतो. बाहेरचा गोंगाट दबला की आतले संगीत कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येते.

कान वाचतो, पण एका अटीवर

अट अशी की आतला आवाज खरोखरच कमी ठेवायचा. मॉनिटर हे कवच नव्हे. बाहेरचे २५ डेसिबल अडवून आत तेवढेच वाढवले, तर कानाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. कामाच्या जागेसाठी वापरला जाणारा एक हिशेब लक्षात ठेवावा: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, ८८ मध्ये ४ तास, ९१ मध्ये २ तास, ९४ मध्ये १ तास आणि १०० मध्ये फक्त १५ मिनिटे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. बंद खोलीत ड्रम्सचा सराव १०० च्या घरात सहज जातो. रोज ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा याहून कडक आहे: मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळात ७५ डेसिबल.

आणखी एक खोड टाळली पाहिजे. श्रोत्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून काही जण एका कानातला मॉनिटर काढून ठेवतात. दोन्ही कानांनी ऐकताना मेंदूला आवाज मोठा वाटतो, एकाच कानाने ऐकताना लहान वाटतो. मग त्या एका कानातला आवाज वाढवला जातो आणि दुसरा कान गोंगाटाला उघडा पडतो. नुकसान दोन्हींचे होते.

साचा कसा घेतात?

सगळे काही साच्यावर ठरते, म्हणून तो श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्यावा. श्रवणयंत्रासाठी कानाचा साचा घेणारे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत असतात. आधी ते दुर्बिणीतून कान पाहतात. मळ असेल तर तो काढावा लागतो. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. सगळे ठीक असेल तर दोरा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा छोटा बोळा कानात सरकवतात. तो पडद्याचे रक्षण करतो. त्यानंतर पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि बाहेर ओढून काढतात. दुखत नाही, फक्त कान गच्च भरल्यासारखा वाटतो.

कानाची नळी सरळ नसते, तिला दोन वळणे असतात. मॉनिटरसाठीचा साचा दुसऱ्या वळणापलीकडे जायला हवा. शिवाय जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. म्हणून गायकाचा साचा घेताना दातांमध्ये छोटा ठोकळा धरून तोंड उघडे ठेवायला सांगतात. तोंड मिटून घेतलेल्या साच्यावरचा मॉनिटर गाताना ढिला पडतो. कंपनीची याबाबतची सूचना छापून तज्ज्ञाकडे नेणे उत्तम.

काय निवडावे?

कवच दोन प्रकारचे असते. ॲक्रिलिक कडक, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपे असते. सिलिकॉन मऊ असते, तोंड हलले तरी पकड धरून ठेवते, पण त्याची दुरुस्ती अवघड असते. आत किती स्पीकर आहेत यावर किंमत चढत जाते. मात्र जास्त स्पीकर म्हणजे चांगला आवाज, असा नियम नाही. वायर सुटी होणारी असावी, कारण सर्वांत आधी वायरच खराब होते.

परदेशी कंपन्यांचे साधे कस्टम मॉनिटर ४०० ते ५०० डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि वरचे २००० डॉलरच्याही पुढे जातात. त्यावर साच्याचा, पाठवणीचा आणि आयात शुल्काचा खर्च वेगळा. ही वस्तू दुसऱ्याच्या कानात बसत नाही, त्यामुळे जुनी म्हणून विकली तरी फारसे पैसे येत नाहीत.

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. वाढत्या वयात चेहऱ्याबरोबर कानाचा आकारही बदलतो. आठवी-नववीत बनवलेला मॉनिटर बारावीपर्यंत घट्ट बसेलच असे नाही. वजन बरेच कमी-जास्त झाले तरी फरक पडतो. म्हणून शाळेच्या वयात साधारण मापाचे चांगले इन-इयर आणि त्यासोबत फोमच्या वेगवेगळ्या आकारांच्या टोप्या घेणे शहाणपणाचे. योग्य आकाराची टोपी नीट बसली तर कान बऱ्यापैकी बंद होतो. ज्याला केवळ सरावातल्या गोंगाटापासून बचाव हवा आहे, त्याने वादकांसाठीची गाळणी असलेली कानाची बुचे पाहावीत. ती सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी करतात आणि खर्चही पुष्कळ कमी येतो.

घेतल्यानंतर

पहिले काही दिवस कान भरल्यासारखा आणि स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. रोज थोडा थोडा वेळ घालून सवय करावी. नळीत जाणारे टोक आधी आत घालायचे, मग मॉनिटर हलकेच मागे फिरवून कानाच्या पाळ्यात बसवायचा. काढताना कवच धरायचे, वायर ओढायची नाही. घातल्यावर जबडा हलवून पाहा. खर्जाचा आवाज मध्येच नाहीसा होत असेल तर कुठेतरी फट आहे. एखाद्या जागी दुखत असेल तर कवच थोडे घासावे लागते. असे बदल कंपनी किती दिवसांपर्यंत विनाशुल्क करून देते, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

देखभाल म्हणजे रोजची पाच मिनिटांची शिस्त. वापरल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसावे. छिद्रातला मळ सोबत मिळणाऱ्या ब्रशने, छिद्राचे तोंड खाली धरून काढावा, म्हणजे तो आत जात नाही. पाण्याखाली धुऊ नये. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. घाम आणि दमट हवा हे याचे मोठे शत्रू. बरॅकमध्ये कितीही मैत्री असली तरी मॉनिटर कुणाला देऊ नये. तो दुसऱ्याला बसत तर नाहीच, शिवाय कानाचा संसर्ग पसरतो.

जिथे तो मुळीच चालत नाही

फायरिंग रेंजवर मॉनिटरला संरक्षण समजू नये. पॉइंट टू-टू रायफलचा आवाजही नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास पोहोचतो आणि मोठ्या रायफलींचा १५० च्या वर जातो. तिथे प्रमाणित इयरमफ किंवा फोमची बुचेच हवीत. फोमचे बूच नुसते टोचून ठेवल्यास उपयोग होत नाही. ते बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. तसेच रस्त्यावर धावताना, परेडवर किंवा पहाऱ्यावर कान बंद ठेवणे धोक्याचे. हुकूम, शिटी आणि गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.

हे सगळे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आपल्या छात्रांना चांगले समजेल. सैन्यदलांच्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटिमीटरवरून केलेली कुजबुज प्रत्येक कानाने वेगवेगळी ऐकू यावी लागते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या तीव्र स्वरांपासून सुरू होतो, म्हणून बोलणे ऐकू येत असताना तो लक्षातही येत नाही. आतल्या कानातील केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सराव किंवा फायरिंगनंतर कानात शिटी वाजत राहिली, आवाज दबल्यासारखे वाटले, तर ते लपवू नका. त्याच दिवशी शाळेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. आणि मॉनिटर घ्यायचे ठरलेच, तर साचा घेण्याआधी त्याच तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून तिचा अहवाल जपून ठेवा. पुढच्या वर्षीची चाचणी त्याच्याशी ताडून पाहता येईल.