‘गिव्ह अप’ : अर्थ आणि उपयोग

इंग्रजीत ‘गिव्ह’ म्हणजे देणे आणि ‘अप’ म्हणजे वर. तथापि ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘वर देणे’ नव्हे. धातूला असे अव्यय जोडले गेले की दोहोंचे मिळून एक क्रियापद बनते व त्याचा अर्थ घटकांच्या बेरजेतून निघत नाही. मराठी भाषकास ही रीत अगदीच परकी नाही. ‘सोडून देणे’ या संयुक्त क्रियापदात ‘देणे’ दान सुचवीत नाही, क्रियेची पूर्तता सुचविते. रायपुरातील मराठी माणसाच्या कानी नित्य पडणारे हिंदी ‘छोड़ देना’ याच जातीचे होय. मराठीत मुख्य धातूला ‘ऊन’ प्रत्यय लागतो, हिंदीत धातू तसाच राहतो, इतकाच भेद.

मात्र ‘सोडून देणे’ हा एकच पर्याय सर्वत्र चालत नाही. व्यसन सोडले जाते. उपाय थकले की माणूस हात टेकतो. हक्कावर तो पाणी सोडतो. फरारी आरोपी पोलिसांच्या स्वाधीन होतो. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘गिव्ह अप’ चालते. दुसऱ्याच्या आग्रहापुढे नमते घेणे यासाठी मात्र ‘गिव्ह इन’ असे म्हणतात. रचनेचाही एक नियम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे : कर्मस्थानी सर्वनाम असल्यास ते मध्येच येते. ‘गिव्ह इट अप’ शुद्ध, ‘गिव्ह अप इट’ अशुद्ध.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. रायपूर ही ज्यांची कर्मभूमी होती, त्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद केला. गीतेच्या अठराव्या अध्यायात काम्य कर्मे सोडणे यास ‘संन्यास’ व सर्व कर्मांचे फळ सोडणे यास ‘त्याग’ म्हटले आहे. मराठीतून हिंदीत जाताना ही दोन्ही पदे जशीच्या तशी ठेवता येतात. इंग्रजीत दोहोंसाठी ‘गिव्ह अप’ योजल्यास भेदाचा सारा भार पुढील नामावर पडतो. ते नाम सैल पडले, तर फलाशा सोडून कर्म करीत राहावे, हा टिळकांचा सिद्धान्तच उलटा होऊन कर्मच सोडावे असा अर्थ निघेल.

म्हणून ‘गिव्ह अप’चा अर्थ लावताना काय सोडले जात आहे, हे आधी पाहावे, मराठी क्रियापद त्यानंतर निवडावे.