झाडीपट्टीतले मालगुजारी तलाव

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या मुलखाला तेथील लोक झाडीपट्टी म्हणतात. या मुलखात वर्षाकाठी सरासरी 1,200 ते 1,400 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही येथील गावोगावी एक तरी तलाव, आणि शेताशेतांतून लहानमोठ्या बोड्या, म्हणजे शेततळी, आढळतात, हे पाहून माणदेशासारख्या कोरड्या प्रदेशातून आलेल्या प्रवाशास नवल वाटल्यावाचून राहत नाही. याचे कारण धान हे पीक. आषाढात रोवणी झाली, श्रावणात बांध्या भरल्या, सर्व काही यथास्थित पार पडले, आणि ऐन आश्विनात, लोंबीत दाणा भरण्याच्या वेळी, पावसाने दडी मारली की चार महिन्यांचे श्रम वाया जातात. त्या वेळी एक किंवा दोन पाणी देता आले तर पीक हाती लागते, आणि ते एक-दोन पाणी राखून ठेवण्यासाठीच हे तलाव बांधले गेले.

हे तलाव गोंड राजवटीची देणगी होत. जो कोणी तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सनदेने बहाल केली जाईल, असे अभिवचन चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी दिले होते, ही परंपरा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज जमीन-महसूल बंदोबस्त अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. कोहळी समाज त्या अभिवचनास अनुसरून काशीच्या बाजूने इकडे आला, असे तो समाज आपल्याविषयी सांगतो. उसाच्या लागवडीत आणि तलाव बांधण्याच्या विद्येत त्याचा हातखंडा होता. नवेगाव बांध येथील डोंगरांच्या कुशीतला विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधविला, अशी तेथील आख्यायिका आहे. कोणतेही मोजणीयंत्र हाताशी नसता केवळ ओढ्याची वाट, उताराचा कल आणि मातीचा पोत पारखून त्या काळच्या माणसांनी पाळीची, म्हणजे मातीच्या बांधाची, जागा मुक्रर केली, आणि एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या गावच्या तलावात उतरावे अशा साखळ्या जुळविल्या, यातील बुद्धिवैभव आजच्या स्थापत्यशास्त्रज्ञालाही आदराने मान लववावयास लावील असे आहे.

पुढे मध्य प्रांतातील इंग्रजी बंदोबस्तात गावची मालकी मालगुजारांकडे, म्हणजे गावचा सारा सरकारात भरणाऱ्या जमीनदारांकडे, आली आणि तलावही त्यांचेच गणले गेले. परंतु मालकी मालगुजाराची असली तरी पाण्यावरचा रयतेचा हक्क, म्हणजे निस्तार, वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटीच्या दप्तरात लिहिलेला असे. उन्हाळ्यात गाळ काढावयाचा, पाळीची घळ बुजवावयाची, पाट साफ करावयाचे, ही कामे गाव करी आणि त्या कष्टाच्या बदल्यात पाणी घेई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तीत बिगार होती, आणि तलावाच्या पोटाशी राहून मासेमारी करणाऱ्या ढिवरांना मालगुजाराच्या मर्जीवर जगावे लागे. मात्र एक गोष्ट तीत निःसंशय होती: ज्याला पाणी मिळे, त्याच्याच शिरावर तलाव राखण्याचा भार असे.

1951 साली मालगुजारी नष्ट झाली, आणि ती व्हावयास हवीच होती. तलाव सरकारजमा झाले; आज ते माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’ तलाव या नावाने दप्तरी नोंदलेले आहेत आणि त्यांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात आहे. सरकारने पाणीपट्टी मागितली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी श्रमून मिळविलेल्या निस्तार हक्काचे मोल आम्ही कोणाला आणि कशासाठी द्यावे, असा सवाल शेतकऱ्यांनी केला. सरकारने, वसूल नाही तर दुरुस्ती कोठून करावी, असे उत्तर दिले. हा कज्जा पुरता मिटला नाही. हक्क गावाकडे राहिला, कर्तव्य खात्याकडे गेले, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत गाळ साचत गेला. पाळी खचल्या, बेशरमाची झुडपे काठ व्यापून आत सरकली, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली, आणि मासेमारीचा मक्ता देण्यापलीकडे तलावाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही.

जीर्णोद्धाराचा विचार निघाला की प्रथम डोळ्यांपुढे येते ते गाळ उपसणारे यंत्र. 2017 सालापासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात आहे, आणि सुपीक गाळ शेतकऱ्याने स्वखर्चाने आपल्या शेतात नेऊन टाकावा ही तिच्यातील मूळ कल्पना जुन्या रिवाजाशी जुळणारी आहे. तथापि तलावाचा तळ सरसकट खरवडून त्याला खोल हौदाचा आकार दिला म्हणजे काम फत्ते झाले, हा समज मला घातक वाटतो. काठाचा उथळ उतार, त्यावर उगवणारे देवधान हे रानटी भात, पाण्यातील कमळे आणि तळाशी रुजलेल्या नाना वनस्पती यांच्याच आश्रयाने देशी मासे अंडी घालतात आणि पाणपक्षी वस्ती करतात. तो उतार गेला की पाणी राहते, जीवसृष्टी जाते.

हे ज्ञान ढिवरांपाशी पिढ्यान् पिढ्या होते. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ते जाणत्या मच्छीमारांकडून समजून घेतले, आणि मग त्या समाजातील स्त्रियांनी चिखलात उतरून बेशरम मुळासकट उपटले, तळ नांगरून घेतला आणि कोणती वनस्पती किती पाण्यात लावावी याचा विचार करून देशी पाणवनस्पतींची रोपणी केली. त्या तलावांत देशी मासे पुन्हा दिसू लागले, हे तर मोलाचे आहेच. परंतु ज्या स्त्रियांना ग्रामसभेत कोणी बोलू देत नव्हते त्या आता तलावाविषयी अधिकाराने बोलतात, ही घटना मला अधिक महत्त्वाची वाटते.

लोकसहभागाच्या नावाखाली पुष्कळदा गावाकडून केवळ श्रमदान मागितले जाते. गोंड राजांनी तसे केले नव्हते. त्यांनी प्रथम हक्काचे अभिवचन दिले आणि मग कुदळ चालली. शेतकऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत पाणी हवे असते, तर ढिवराला मासे जगण्यापुरते पाणी तलावात राहावयास हवे असते. हा विरोध खरा आहे, आणि तलावात किती पाणी राखावयाचे हे दोघांनी एकत्र बसून ठरविल्याखेरीज तो सुटणार नाही. सिंचन व्यवस्थापनात पाणीवापर संस्थांना स्थान देणारा 2005 चा कायदा आहे, आणि वनहक्क कायद्याने 2006 साली वननिवासी समाजांचा मासळीवरील व जलाशयांवरील सामूहिक हक्क मान्य केला आहे. तलावांच्या बाबतीत त्यांचा आधार घेणारी गावे मात्र थोडी दिसतात.

म्हणून ज्यांचे गाव या मुलखात आहे त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी तहसील कचेरीतून आपल्या गावच्या निस्तार पत्रकाची आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल मागून घ्यावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, वाचताना ढिवरांना आणि स्त्रियांना पुढे बसवावे, आणि यंत्र तलावात उतरण्यापूर्वी पाणी, मासळी व गाळ यांवर कोणाचा किती हक्क राहील हे ठरावाने लिहून ठेवावे.