दोन हजार मिळवा, नोंद सापडेल

विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरबद्दलची पहिली तक्रार ‘बगझिला’ या टूलमध्ये नोंदली गेली ती ऑगस्ट 2004 मध्ये. तक्रार अशी होती, की माहितीपुस्तिका जुनी आणि अपुरी आहे. तिला क्रमांक मिळाला 1. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा सत्तर हजारांच्या वर गेला. नोव्हेंबर 2014 मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने बगझिला थांबवलं आणि सगळ्या नोंदी ‘फॅब्रिकेटर’ या नव्या टूलमध्ये नेल्या. आज तिथे T2001 उघडलं, की 2004 ची तीच पहिली तक्रार समोर येते. जुनी 73,000 वी नोंद हवी असेल, तर T75000 पाहायचं. नव्या टूलमधले सुरुवातीचे क्रमांक आधीच वापरले गेले होते, म्हणून प्रत्येक जुन्या क्रमांकात सरसकट दोन हजार मिळवले गेले. मराठी विकिपीडियाच्या तांत्रिक अडचणीही याच नोंदवहीत जातात, त्यामुळे त्या काळातल्या मराठी तक्रारींनाही हाच हिशेब लागू आहे.

सॉफ्टवेअर कंपनी असो, बांधकामाचा प्रकल्प असो की स्वयंसेवी संस्था, कुठलं काम कुणाकडे आहे, कुठवर आलंय आणि कशामुळे अडलंय याची नोंद आता जिरा, ट्रेलो, असाना अशा टूलमध्ये राहते. ही टूल कायमची नसतात. गुगलने ‘गुगल कोड’ ही सेवा जानेवारी 2016 मध्ये बंद केली. अ‍ॅटलासियनने जिराच्या ‘सर्व्हर’ आवृत्तीची देखभाल 15 फेब्रुवारी 2024 ला थांबवली. ‘पिव्होटल ट्रॅकर’ 30 एप्रिल 2025 ला बंद झालं. अशा वेळी बहुतेकांना वाटतं, की एक्स्पोर्टचं बटण दाबायचं, फाइल उतरवायची आणि दुसरीकडे चढवायची. मजकूर तसा जातोही. पण नोंदीची किंमत नुसत्या मजकुरात नसते. ती कुणी केली, कधी केली, कोणत्या दुसऱ्या नोंदीशी जोडली आणि निर्णय कसा बदलत गेला, यात ती असते. स्थलांतराचं सगळं शास्त्र ही नाती टिकवण्यासाठी आहे.

क्रमांक का जपायचा?

बेरजेचा सोपा मार्ग सगळ्यांना मिळत नाही. पायथन या संगणकभाषेच्या तक्रारी एप्रिल 2022 मध्ये स्वतःच्या जुन्या यंत्रणेतून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर गेल्या. गिटहबवर तक्रारी आणि कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव यांना एकाच मालिकेतले क्रमांक मिळतात. पायथनचा कोड 2017 पासूनच तिथे होता, त्यामुळे तीस हजारांहून जास्त क्रमांक आधीच संपले होते. शिवाय पायथनची नोंदवही 2007 मध्येही एकदा हलली होती. तेव्हा सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरचे जुने सहा-सात आकडी क्रमांक तसेच ठेवले गेले आणि नव्या तक्रारींना चार आकडी क्रमांक मिळू लागले. परिणामी 1635741 हा क्रमांक जानेवारी 2007 मधल्या तक्रारीचा आहे, तर त्याहून कितीतरी लहान क्रमांकांच्या हजारो तक्रारी तिच्यानंतरच्या आहेत. अशा मालिकेला कुठलंही सूत्र लागू होत नाही. पन्नास हजारांहून जास्त नोंदींसाठी ‘जुना क्रमांक, नवा क्रमांक’ असा पूर्ण तक्ताच ठेवावा लागला.

जुने क्रमांक सोडून का देऊ नयेत? याचं उत्तर गिट या, गिटहबच्या मुळाशी असलेल्या आणि कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलच्या रचनेत आहे. गिटमध्ये कोडचा प्रत्येक बदल साठवताना त्याचा मजकूर, लेखक, वेळ, सोबतचा संदेश आणि आधीच्या बदलाचा ठसा या सगळ्यांवरून एक नवा ठसा गणिताने काढला जातो. ‘तक्रार क्रमांक अमुक दुरुस्त केली’ असं संदेशात लिहिलेलं असेल आणि पुढे तो आकडा बदलला, तर त्या बदलाचा ठसा बदलतो आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक बदलाचाही. म्हणजे सगळा इतिहास नव्याने लिहावा लागतो. म्हणून कोडमध्ये गेलेला क्रमांक कायमचा असतो. जोवर कोड आहे, तोवर त्या क्रमांकावरून मूळ चर्चा सापडली पाहिजे. पायथनची जुनी नोंदवही यासाठीच आजही केवळ वाचनासाठी उघडी आहे.

आधी नोंदी, मग नाती

डेटाबेसमध्ये दोन नोंदींचं नातं क्रमांकाने सांगितलेलं असतं. ‘हे काम 412 चा भाग आहे’, ‘हे 980 पूर्ण झाल्याशिवाय सुरू होणार नाही’. नव्या टूलमध्ये 412 अजून तयारच झालेलं नसेल, तर त्याच्याशी नातं जोडणार कसं? आधी मुख्य कामं आणि मग उपकामं असा क्रम लावून पाहता येतो, पण नात्यांचं जाळं कधीकधी फिरून स्वतःवरच येतं: पहिलं दुसऱ्याशी जोडलेलं, दुसरं तिसऱ्याशी आणि तिसरं पुन्हा पहिल्याशी. म्हणून जाणकार दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत नात्यांशिवाय सगळ्या नोंदी तयार करायच्या आणि क्रमांकांचा तक्ता बनवायचा. दुसऱ्या फेरीत तो तक्ता पाहत नाती जोडायची आणि मजकुरातले उल्लेखही बदलायचे.

हे शेवटचं काम फार जपून करावं लागतं. जुन्या चर्चेत कुणी ‘#45 पाहा’ असं लिहिलेलं असतं. गिटहबवर हा मजकूर तसाच गेला, तर तो तिथल्या 45 क्रमांकाशी आपोआप जोडला जातो, मग ती नोंद भलतीच का असेना. @ या खुणेचंही तसंच. पायथनच्या कोडमध्ये ‘@प्रॉपर्टी’ अशी खूण नेहमी लिहिली जाते, आणि गिटहबवर @ नंतर आलेला शब्द त्या नावाच्या सदस्याला मारलेली हाक ठरतो. काळजी घेतली नाही, तर ज्याचा प्रकल्पाशी काही संबंध नाही अशा माणसाला शेकडो सूचना जाऊ शकतात.

वेगाचंही गणित असतं. नवं टूल बाहेरून येणाऱ्या नोंदी हव्या तितक्या वेगाने घेत नाही. गिटहबची नेहमीची मर्यादा ताशी सुमारे 500 नव्या नोंदींची आहे. एक लाख टिप्पण्या या वाटेने न्यायच्या म्हटल्या, तर 200 तास, म्हणजे आठ दिवसांहून जास्त वेळ लागेल. एवढ्या वेळात कुठेतरी नेट तुटणार, सर्व्हर थांबणार. त्यामुळे प्रोग्रॅम असा लिहावा लागतो, की तो मध्येच थांबून पुन्हा चालवला तरी एकही नोंद दुहेरी होणार नाही.

कुणी लिहिलं, कधी लिहिलं?

बगझिलात लिहिणाऱ्या अनेकांचं फॅब्रिकेटरवर खातंच नव्हतं. विकिमीडियाने त्यावर चांगला तोडगा काढला. सगळ्या जुन्या टिप्पण्या आधी ‘बीझेड इम्पोर्ट’ या एकाच खात्याच्या नावे चढवल्या आणि मूळ लेखकाचं नाव मजकुरात ठेवलं. नंतर त्या माणसाने त्याच ईमेलने खातं उघडलं, की त्याच्या टिप्पण्या त्याच्या नावावर केल्या जात. संवेदनशील सुरक्षाविषयक तक्रारी नव्या ठिकाणीही ठरावीक लोकांपुरत्याच दिसतील, ही खबरदारी वेगळी.

इतिहासाकडे मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होतं. साध्या एक्स्पोर्टमध्ये कामाची आजची स्थिती येते. शेतजमिनीच्या भाषेत सांगायचं, तर सातबारा हाती येतो आणि गाव नमुना सहामधले फेरफार मागे राहतात. काम ‘पूर्ण’ दिसतं, पण ते दोनदा नाकारलं गेलं होतं, का नाकारलं आणि तिसऱ्यांदा कुणी मान्य केलं, हे कळत नाही. पुढे त्याच जागी बिघाड झाला, तर शोधणाऱ्याला नेमकी हीच माहिती लागते.

तारखांमध्ये आणखी एक खड्डा असतो. बहुतेक टूल जागतिक वेळेत नोंद ठेवतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडची 1 एप्रिलची मध्यरात्र त्या नोंदीत 31 मार्च, 18:30 अशी दिसते. हलवताना वेळ गळली आणि फक्त तारीख राहिली, तर मुदत एक दिवस मागे सरकते आणि काम आदल्या आर्थिक वर्षात जाऊन पडतं.

देवनागरीचं वजन

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षि’ या एका अक्षरात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं असतात, म्हणजे बारा बाइट. एखाद्या टूलने शीर्षकाची मर्यादा 255 बाइट ठेवली असेल, तर इंग्रजी शीर्षक 255 अक्षरांपर्यंत जातं आणि मराठी शीर्षक 85 चिन्हांवर कापलं जातं, तेही कदाचित अक्षराच्या मध्येच. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-8’ नावाची जुनी रचना जास्तीत जास्त तीन बाइटची चिन्हं साठवत असे. इमोजीला चार लागतात. सेटिंग ढिलं असेल, तर टिप्पणीत इमोजी आला की त्याच्या पुढचा सगळा मजकूर गळून जाई. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. फाँट नाहीसा झाला, की निरर्थक चिन्हांची रांग उरते. असा मजकूर हलवण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घेणं अटळ आहे.

स्थितींची जुळवाजुळव हीसुद्धा गणिताची गोष्ट आहे. जुन्या टूलमध्ये ‘तपासणी सुरू’ आणि ‘ग्राहकाच्या उत्तराची वाट’ अशा दोन स्थिती होत्या आणि नव्यात दोन्हींना ‘प्रलंबित’ केलं, तर उलट वाट बंद होते. ‘प्रलंबित’वरून मूळ स्थिती कोणती होती, हे जगातला कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकणार नाही. उपाय साधा आहे: मूळ शब्द एखाद्या लेबलमध्ये तसाच ठेवून द्यावा.

तपासणी किती पुरेशी?

सगळं हलवून झाल्यावर लोक काही नोंदी उघडून पाहतात आणि समाधान मानतात. संख्याशास्त्र इथे सावध करतं. यादृच्छिकपणे निवडलेल्या 300 नोंदी तपासल्या आणि एकही चूक सापडली नाही, तरी 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की चुकांचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त नसावं. तीनला नमुन्याच्या संख्येने भागायचं, असा हा ‘तीनाचा नियम’. सत्तर हजार नोंदींमध्ये एक टक्का म्हणजे सातशे. म्हणून नमुना पाहणं आणि सगळं मोजणं, दोन्ही लागतं. नोंदी, टिप्पण्या, जोडलेल्या फाइली आणि नाती यांची बेरीज दोन्हीकडे जुळली पाहिजे. प्रत्येक फाइलचा ठसा काढून ती बाइटागणिक तीच आहे, हेही यंत्राकडून तपासून घेता येतं. माणसाने मग वाचायला घ्यावं ते सर्वांत गुंतागुंतीच्या नोंदींपासून: शेकडो टिप्पण्यांच्या, अनेक भाषांतल्या, पुन्हा पुन्हा उघडल्या गेलेल्या.

विकिमीडियाच्या कथेला पुढचा भागही आहे. फॅब्रिकेटर तयार करणाऱ्या कंपनीने 2021 मध्ये काम थांबवलं. तोच कोड स्वयंसेवकांनी ‘फोर्ज’ या नावाने पुढे चालू ठेवला. कोड खुला होता म्हणून हे जमलं आणि T2001 आजही त्याच पत्त्यावर आहे. बंद कोडच्या टूलमध्ये अशी सोय नसते, तिथे कायद्याचा आधार लागतो. युरोपीय संघाचा डेटा कायदा 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आहे. क्लाउड सेवा बदलू पाहणाऱ्या ग्राहकाची वाट अडवू नये, असं बंधन त्यात आहे आणि 12 जानेवारी 2027 पासून स्थलांतराचं शुल्कही घेता येणार नाही. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात स्वतःची माहिती दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क नाही. 2019 च्या मसुद्यात तो होता. तो परत आणायला हवा आणि संस्थांच्या कामाच्या नोंदींनाही तसंच संरक्षण मिळायला हवं.

तोवर काळजी आपली आपणच घ्यायची आहे. नवं टूल घेण्याआधी, फुकट वापराच्या मुदतीतच, दहा-वीस नोंदी भरा, त्यांना एकमेकींशी जोडा, मराठीत टिप्पण्या लिहा आणि सगळं एक्स्पोर्ट करून पाहा. इतिहास, लेखकांची नावं, जोडलेल्या फाइली आणि नाती बाहेर येत नसतील, तर ते टूल घेऊ नका. स्थलांतर झालंच, तर जुन्या नोंदवहीची वाचनापुरती प्रत आणि क्रमांकांचा तक्ता किमान दोन ठिकाणी जपून ठेवा. दहा वर्षांनी तुमच्या जागी काम करणाऱ्याला ‘हे असं का केलं होतं’ असा प्रश्न पडेल, तेव्हा उत्तर याच दोन गोष्टींमधून मिळणार आहे.