झडप बदलल्यानंतरचं काम

सकाळी साडेआठपासून सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत निळ्या टोपणाच्या नळ्या जमू लागतात. नळीवर खूण असते आणि रक्त त्या खुणेपर्यंत भरावंच लागतं. तळाशी आधीच सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग या हिशेबाने. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, गोठायला वेळ लागल्यासारखा दिसतो आणि आकडा फसवा येतो. त्यामुळे अर्धवट भरलेली नळी तंत्रज्ञ परत पाठवतो. पेशंट कुरकुरतो आणि पुन्हा हात पुढे करतो.

रांगेतल्या बहुतेकांना हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. दुखणं सुरू झालं ते लहानपणी: घसा धरला, ताप आला, सांधे सुजले आणि बरं वाटल्यावर घरचे विसरून गेले. पण घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीराची संरक्षणयंत्रणा हृदयाच्या झडपांवरही उलटली होती. झडप वर्षानुवर्षं आकसत गेली. कुणाला ऐन तिशीत, कुणाला बाळंतपणात धाप लागली तेव्हा कुठे निदान झालं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेली देशी झडप १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. परदेशी झडपेची किंमत न झेपणाऱ्यांसाठी ती मोठी सोय ठरली.

अशी झडप सहसा झिजत नाही. मात्र परकी वस्तू दिसली की रक्त तिच्यावर गुठळी धरू पाहतं. म्हणून असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन, लोकांच्या भाषेत ‘रक्त पातळ करायची गोळी’, जन्मभर घ्यायची. रक्त गोठवणारे काही घटक बनवताना यकृताला व्हिटॅमिन के लागतं आणि ही गोळी नेमकं तेच काम अडवते. ज्यांना सतत तपासणी लागत नाही अशा नव्या गोळ्या निघाल्या आहेत, पण धातू-कार्बनच्या झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान वापरून पाहिलं तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला.

सगळं अवलंबून असतं ते आयएनआर या आकड्यावर. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो १च्या आसपास असतो. डावीकडची मायट्रल झडप बदललेल्याचा साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. खाली घसरला तर गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होऊ शकतो आणि फार चढला तर रक्तस्राव.

अकराच्या सुमारास आकडे येतात. डॉक्टरांच्या टेबलाआधी सिस्टरचं टेबल आहे, आणि मी तिथेच बसून होते. एका बाईंचा आकडा १.६ आला.

“मावशी, गोळी चुकली का?”

“एकबी नाही, बाई.”

“आणि भाजी कुठली चाललीय?”

“मेथीच की. रानात आलीय, दोन्ही वक्ताला तीच.”

मेथीत व्हिटॅमिन के भरपूर, त्यामुळे गोळीचा जोर कमी पडला होता. “मेथी सोडू नका,” सिस्टर म्हणाल्या, “पण आठवड्यातून दोनदा, आणि बेताची.” डॉक्टरांनी डोस थोडा वाढवला आणि आठवड्याने बोलावलं. सिस्टरनी डायरीत ठळक लिहिलं: ‘मेथी’. हे लिहिलं नसतं तर मेथीचा हंगाम सरल्यावर वाढवलेला डोस तसाच चालू राहिला असता आणि आकडा वर उसळला असता. नवरात्रात उलटं होतं. उपवासाने जेवण घटतं आणि आकडा चढतो.

पुढच्या तरुणाचा ६.२ होता. दाढ दुखली म्हणून गावात मेट्रोनिडाझोल आणि वेदनाशामक मिळालं होतं, आणि झडपेचं त्याने तिथे सांगितलं नव्हतं. हिरड्यांतून रक्त येत होतं. त्याला वॉर्डात ठेवून घेतलं, रात्रीची गोळी थांबवली. व्हिटॅमिन के देऊन आकडा झटक्यात उतरवता येतो, पण फार उतरला तर झडपच अडकायची. म्हणून डॉक्टर हात आखडता ठेवतात.

सिस्टर प्रत्येकाला न कंटाळता तेच सांगतात. गोळी संध्याकाळी घ्या, म्हणजे सकाळच्या तपासणीनंतर बदललेला डोस त्याच दिवशी लागू होतो. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. काळी शौच, लाल लघवी, पाळीत जास्त रक्तस्राव, डोक्याला मार, यातलं काहीही झालं तर लगेच या. बोलताना जीभ अडखळली किंवा झडपेची टिकटिक दबल्यासारखी वाटली, तरीही. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी सांगा, कारण या गोळीने गर्भाला अपाय होऊ शकतो.

शस्त्रक्रियेचा खर्च अनेकांचा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. दर महिन्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मात्र घरातूनच जाते. बहुतेक तारखा चुकतात त्या यामुळे. बोटाच्या थेंबावर मिनिटभरात आयएनआर सांगणारी छोटी यंत्रं आज उपलब्ध आहेत. असं एक यंत्र आणि मेथीबद्दल विचारणारी एक प्रशिक्षित सिस्टर प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात असायला हवी. झडप बसवायला काही तास पुरतात, पण ती सांभाळायची जबाबदारी आयुष्यभराची आहे, आणि ती एकट्या पेशंटवर सोडणं अन्यायाचं आहे.