भूगर्भातील ताण

जपानजवळ एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो. म्हणून तेथे वारंवार भूकंप होतात. कोल्हापूरच्या उत्तरेस असलेले कोयनानगर अशा सीमेपासून फार दूर आहे. तरीही ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे भीषण भूकंप झाला. १७५ हून अधिक माणसे दगावली, कोल्हापूरही हादरले. भूगर्भातील खडक मूळचाच ताणलेला होता; जलाशयाचा भार व भेगांत मुरलेले पाणी यांमुळे तो सरकला, असे शास्त्रज्ञ मानतात.

हा ताण मोजावा कसा? त्यासाठी कोयना परिसरात गोठणे येथे सुमारे ३ किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले; ते २०१७ साली पूर्ण झाले. अशा विवराच्या भिंतीचे ढलपे ज्या दिशेस निघतात, तिच्या काटकोनात खडकावरील आडवा दाब सर्वांत अधिक असतो. भूकंपाची वेळ आधी सांगणे अद्याप शक्य नाही. परंतु ताणाची दिशा खडकच सांगतो.